साम्य आणि सामर्थ्य : लष्करी रायफलींच्या एअरसॉफ्ट प्रतिकृतींचा संग्रह, फेरबदल आणि नागरी जबाबदारी

सारांश : लष्करी रायफलींच्या हुबेहूब प्रतिकृती जमविणे आणि त्यांत आपल्या आवडीप्रमाणे फेरबदल करणे हा छंद जपानमध्ये विकसित झाला व तेथून जगभर पसरला. भारतात तो अद्याप थोड्यांचा आहे. तथापि महानगरांतील व त्यांच्या उपनगरांतील तरुणांना त्याचे आकर्षण वाटू लागले आहे. प्रस्तुत लेखात या प्रतिकृतींची रचना, फेरबदलाचे प्रकार, त्यांतील ऊर्जेचे गणित आणि त्यांना लागू होणाऱ्या कायद्याची चौकट यांचा परिचय ठाणे, कल्याण व डोंबिवली परिसराच्या संदर्भात करून दिला आहे. छंदिष्ट आपल्या प्रतिकृतीचे निरुपद्रवीपण तिच्या सामर्थ्यावरून ठरवितो, तर समाज व पोलीस तिचा अर्थ तिच्या साम्यावरून लावतात. या दोन मापांमधील तफावत हा या छंदाचा खरा प्रश्न आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : एअरसॉफ्ट, प्रतिकृती, फेरबदल, नकली अग्निशस्त्र, शस्त्र अधिनियम १९५९, ठाणे.

१. प्रस्तावना

शस्त्राविषयीचे कुतूहल मराठी समाजाला नवे नाही. खंडेनवमीला घरातील शस्त्रांची व अवजारांची पूजा होते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला उभा राहतो आणि त्याच्या बुरुजांवर मावळे व तोफा मांडल्या जातात. शिवजयंतीच्या सुमारास गावोगावी शिवकालीन शस्त्रांची प्रदर्शने भरतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातील शस्त्रदालन पाहण्यासाठी शाळांच्या सहली जातात. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा दर्जा देण्यात आला. त्याच वर्षी जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे साताऱ्याच्या संग्रहालयात प्रदर्शित झाली, तेव्हा ती पाहण्यासाठी लोकांनी गर्दी केली. शस्त्राची प्रतिकृती करणे, ती जतन करणे व इतरांना दाखविणे ही म्हणूनच परिचित अशी सांस्कृतिक कृती आहे.

ठाणे जिल्ह्यात या कुतूहलाला आधुनिक शस्त्रनिर्मितीचीही एक बाजू आहे. अंबरनाथ येथे संरक्षण खात्याची आयुध निर्माणी आहे. २०२१ मध्ये देशातील आयुध निर्माणींची पुनर्रचना होऊन सात सरकारी कंपन्या स्थापन झाल्या, त्यांपैकी यंत्र इंडिया लिमिटेड या कंपनीकडे ही निर्माणी गेली. भारतीय लष्कराची इन्सास रायफल पुण्याच्या शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने विकसित केली. महाविद्यालयातील राष्ट्रीय छात्रसेनेच्या विद्यार्थ्यांना रायफलची कवायत आणि पॉइंट बावीस रायफलचा नेमबाजीचा सराव ठाऊक असतो. अशा परिसरातील एखाद्या तरुणाला रायफलच्या रचनेत रस वाटला, तर त्यात नवल नाही.

मात्र तलवारीची प्रतिकृती आणि रायफलची प्रतिकृती यांत एक मूलभूत भेद आहे. तलवार ज्या युद्धाची आठवण देते ते युद्ध इतिहासजमा झाले आहे. भिंतीवर टांगलेली धोप किंवा फिरंग पाहणाऱ्याच्या मनात प्रथम भूतकाळ येतो. एम-४ किंवा एके जातीची रायफल मात्र आजही सैनिकाच्या, पोलिसाच्या व दहशतवाद्याच्या हाती असते. तिची प्रतिकृती पाहणाऱ्याला भूतकाळाकडे नेत नाही. ती त्याला चालू क्षणातील धोक्याची सूचना देते. हा भेद लक्षात घेतल्याशिवाय या छंदाचे यथार्थ आकलन होणार नाही.

२. संज्ञा आणि पूर्वेतिहास

हवेच्या किंवा वायूच्या दाबाने सुमारे सहा मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोल गोळी फेकणाऱ्या, खऱ्या बंदुकीच्या आकाराच्या प्रतिकृतीस एअरसॉफ्ट असे म्हणतात. छऱ्याची एअरगन आणि एअरसॉफ्ट या दोन भिन्न वस्तू आहेत. एअरगनमधून सामान्यतः ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो. तिचा उद्देश नेमबाजी हा असतो आणि तिला कोणत्याही लष्करी बंदुकीसारखे दिसण्याची गरज नसते. एअरसॉफ्टचा मूळ हेतूच साम्य हा आहे. नळीची लांबी, दस्त्याचा आकार, मॅगझिनचा बाक, इतकेच नव्हे तर वजनदेखील मूळ शस्त्राशी जुळावे, असा तिच्या निर्मात्याचा प्रयत्न असतो.

हा प्रकार जपानमध्ये का जन्मला, याचे उत्तर तेथील कायद्यात सापडते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानने नागरिकांच्या शस्त्रबाळगणीवर कडक निर्बंध घातले आणि १९५८ च्या कायद्याने ते दृढ केले. खरी बंदूक दुर्मीळ झाल्यामुळे तिच्या प्रतिकृतींना मागणी आली. १९६० च्या दशकात तेथे धातूच्या, गोळी न सुटणाऱ्या प्रतिकृती लोकप्रिय झाल्या. त्या इतक्या हुबेहूब होत्या की १९७१ मध्ये धातूच्या नकली पिस्तुलांची नळी बंद असावी व त्यांचा रंग पांढरा किंवा पिवळा असावा, असे बंधन घालावे लागले. पुढे प्लॅस्टिकची बांधणी आणि हवेचा दाब यांच्या संयोगातून एअरसॉफ्ट हा स्वतंत्र प्रकार आकारास आला. १९९१ मध्ये टोकियो मारुई या कंपनीने फामास या फ्रेंच रायफलची विजेवर चालणारी प्रतिकृती बाजारात आणली. आजच्या बहुतांश एअरसॉफ्ट रायफली तिच्याच तत्त्वावर चालतात.

३. रचना व कार्यपद्धती

विद्युत एअरसॉफ्ट रायफलचा गाभा म्हणजे तिच्या आतील गिअरपेटी होय. चाप ओढताच बॅटरीचे मंडल पूर्ण होते आणि दस्त्यातील अथवा मुठीतील छोटी मोटर फिरू लागते. मोटरची गती दातेरी चाकांच्या मालिकेतून दट्ट्याकडे पोहोचते. या मालिकेतील शेवटच्या चाकाला परिघाच्या एका भागावरच दाते असतात. दाते असलेला भाग दट्ट्याला मागे ओढून स्प्रिंग दाबतो. बिनदात्यांचा भाग येताच दट्ट्या सुटतो व स्प्रिंगच्या जोराने पुढे झेपावतो. त्यामुळे नळकांड्यातील हवा दाबली जाते आणि ती हवा गोळीला नळीतून बाहेर ढकलते. चाप ओढलेलाच ठेवला तर हे चक्र पुन्हापुन्हा घडते आणि गोळ्या सलग सुटतात. या क्रियेत कोठेही दारू, ठिणगी अथवा स्फोट नसतो.

नळीच्या प्रारंभी रबराचा एक लहानसा उंचवटा असतो. गोळी त्याच्या खालून जाताना तिच्या वरच्या अंगाला घर्षण होते आणि तिला उलटी फिरकी मिळते. टेबल टेनिसमध्ये चेंडूला खालून कापल्यास तो हवेत काही काळ तरंगतो, तेच तत्त्व येथे असते. भौतिकशास्त्रात यास मॅग्नस परिणाम म्हणतात. या फिरकीमुळे हलकी गोळी लवकर खाली न येता अधिक अंतर सरळ जाते. दट्ट्या, गिअर, वायुगळती, फिरकी व विद्युतमंडल यांचा असा मेळ एका वस्तूत असल्यामुळे यांत्रिकी व विद्युत अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना या प्रतिकृती उघडून पाहाव्याशा वाटतात, हे स्वाभाविक आहे.

४. संग्रहाची दृष्टी आणि फेरबदलाचे प्रकार

संग्राहकांची दृष्टी एकसारखी नसते. काहींना एका विशिष्ट घराण्यातील, उदाहरणार्थ एके जातीच्या, सर्व पिढ्या जमवायच्या असतात. काहींना एखाद्या युद्धातील सैनिकाच्या हाती असलेली रायफल तिच्या पट्ट्यासह व दुर्बिणीसह जशीच्या तशी हवी असते. काहींचा ओढा संग्रहापेक्षा कारागिरीकडे असतो. त्यांना तयार वस्तू विकत घेण्यापेक्षा ती उघडून नव्याने जुळविण्यात आनंद वाटतो. फेरबदल ही संज्ञा या तिसऱ्या वर्गाच्या संदर्भात महत्त्वाची ठरते.

फेरबदलांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार बाह्य फेरबदलांचा. नळीभोवतीचे आवरण, दस्ता, मूठ, दुर्बीण, विजेरी, पट्टा इत्यादी भाग बदलले जातात. १९९५ मध्ये अमेरिकी लष्कराने प्रमाणित केलेल्या पिकाटिनी पट्टीमुळे हे सोपे झाले, कारण ठरावीक मापाच्या खाचांवर कोणाचीही उपकरणे बसू लागली आणि प्रतिकृतींनीही तीच मापे स्वीकारली. याच्याच पुढची पायरी म्हणजे जीर्णतेचा आभास निर्माण करणे. कडांवरचा रंग खरवडून, कोपऱ्यांत काजळी भरून व लाकडी दस्त्यावर ओरखडे पाडून नवी प्रतिकृती अनेक वर्षे वापरातील वाटावी अशी केली जाते. नाटक व चित्रपटांच्या कलादिग्दर्शनातील कौशल्याशी हे कौशल्य अगदी जवळचे आहे.

दुसरा प्रकार आंतरिक फेरबदलांचा. स्प्रिंग, दट्ट्या, गिअर, मोटर, बॅटरी व आतील नळी हे भाग त्यात येतात. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. नवखा मनुष्य प्रथम अधिक ताठ स्प्रिंग शोधतो, कारण त्याला सामर्थ्य म्हणजेच दर्जा वाटतो. अनुभवी कारागीर मात्र स्प्रिंगला हात लावण्यापूर्वी हवेची गळती थांबवितो, गिअरमधील फटी नेमक्या करतो, फिरकीचे रबर बदलतो आणि थोडी जड गोळी वापरतो. यामुळे ऊर्जा जवळपास तेवढीच राहून नेम सुधारतो. उलट केवळ स्प्रिंग वाढविल्यास गिअरचे दाते तुटतात आणि नेमही बिघडतो. या छंदातील उत्तम कारागिरी सामर्थ्यवाढीत नसते, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

५. सामर्थ्याचे गणित

प्रक्षेपित वस्तूची गतिज ऊर्जा तिच्या वस्तुमानाच्या व वेगाच्या वर्गाच्या गुणाकाराच्या निम्मी असते. ०.२० ग्रॅमची गोळी सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची ऊर्जा बरोबर १ ज्यूल होते. अर्ध्या ग्रॅमचा शिशाचा छर्रा एअरगनमधून सेकंदाला १७० मीटर वेगाने सुटल्यास सुमारे ७ ज्यूल होतात. छात्रसेनेच्या पॉइंट बावीस रायफलच्या गोळीची ऊर्जा सुमारे १४० ज्यूल भरते. इन्सासची सुमारे ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटर वेगाने निघते, म्हणजे तिच्यात सुमारे १६०० ज्यूल ऊर्जा असते. याचा अर्थ असा की, दिसण्यात इन्सासच्या शेजारी उभी राहू शकणारी प्रतिकृती सामर्थ्यात तिच्या दीड हजाराव्या हिश्शाचीही नसते.

तरीही दोन सावधगिऱ्या येथे नोंदविणे आवश्यक आहे. एक म्हणजे ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दीडपट केला की ऊर्जा सव्वादोनपट होते आणि वेग दुप्पट केला की ती चौपट होते. फेरबदल करणाऱ्याला 'थोडा वेग वाढविला' असे वाटते तेव्हा ऊर्जा थोडी वाढलेली नसते. यासाठीच क्रोनोग्राफ नावाच्या वेगमापकावर प्रत्येक फेरबदलानंतर मोजणी करण्याची शिस्त जाणकार पाळतात. दुसरे म्हणजे एक ज्यूल ही ऊर्जा त्वचेला केवळ चिमटा काढत असली, तरी डोळ्याला ती कायमची इजा करू शकते. म्हणून पॉलिकार्बोनेटचा, डोळे सर्व बाजूंनी झाकणारा चष्मा हा या छंदाचा पहिला नियम मानला जातो.

६. साम्याचा प्रश्न

सामर्थ्याचे हे गणित छंदिष्टाला ठाऊक असते, पाहणाऱ्याला नसते. प्रतिकृती व मूळ शस्त्र यांतील भेद वजन, नळीच्या आतील व्यास, अनुक्रमांक, धातूचा स्पर्श अशा गोष्टींत असतो. हे सारे हाताच्या अंतरावरच कळते. वीस-पंचवीस फुटांवरून केवळ आकृती दिसते. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात रंगमंचावरची लाकडी रायफल मागच्या रांगेतील प्रेक्षकाला खरी वाटते, ती याच कारणाने. नाट्यगृहात हा भास प्रेक्षकाने तिकीट काढून स्वीकारलेला असतो. रस्त्यावर असा कोणताही करार झालेला नसतो.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. २२ नोव्हेंबर २०१४ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात टामिर राइस हा १२ वर्षांचा मुलगा एका बागेत एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तूल नकली असल्याची खूण पटविणारे नारिंगी टोक त्यावर नव्हते. दूरध्वनी करणाऱ्या नागरिकाने ते बहुधा खोटे असावे असेही सांगितले होते. पण ती माहिती घटनास्थळी निघालेल्या पोलिसांपर्यंत पोहोचली नाही. गाडी थांबल्यापासून अवघ्या दोन-तीन सेकंदांत गोळी झाडली गेली आणि दुसऱ्या दिवशी मुलाचा मृत्यू झाला. त्या पिस्तुलाची ऊर्जा किती होती, हा प्रश्न त्या दोन सेकंदांत कोणाच्याही मनात येणे शक्य नव्हते. निर्णय साम्यावरून झाला.

कल्याण-डोंबिवलीच्या रहिवाशांना यासाठी अमेरिकेकडे पाहण्याची गरज नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री ज्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन दहशतवाद्यांनी एके जातीच्या रायफलींनी गोळीबार करून पन्नासहून अधिक लोकांचे प्राण घेतले, ते मध्य रेल्वेच्या उपनगरी प्रवाशांचे अखेरचे स्थानक आहे. डोंबिवली, कल्याण व ठाणे येथून रोज लाखो लोक त्याच मार्गावर प्रवास करतात. त्या रात्री सहायक पोलीस उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीजवळ रायफलची नळी हातांनी धरून ठेवली व प्राण गमावले. या प्रदेशात त्या रायफलच्या आकाराला अशी स्मृती चिकटलेली आहे. फलाटावर एखाद्या पिशवीतून तोच आकार बाहेर डोकावला, तर गर्दी क्रोनोग्राफवरचा आकडा विचारणार नाही. चेंगराचेंगरी होण्यास तेवढे दर्शन पुरेसे आहे.

७. अन्य देशांतील नियमन

विविध देशांनी या दोन मापांपैकी कोणत्या मापाला महत्त्व दिले, हे पाहणे उद्बोधक ठरते. जपानने प्रामुख्याने सामर्थ्याचे माप स्वीकारले. २००५ मध्ये तेथे वाढीव ताकदीच्या एअरसॉफ्ट बंदुकांनी धावत्या वाहनांवर मारा केल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन सहा मिलिमीटरच्या गोळीसाठी सुमारे ०.९८ ज्यूल ही कमाल मर्यादा निश्चित झाली. मोजक्या लोकांच्या बेजबाबदार फेरबदलांमुळे संपूर्ण छंदाला कायद्याची वेसण बसली, असे त्याचे वर्णन करता येईल.

अमेरिकेने साम्याचे माप घेतले. १९८८ च्या केंद्रीय कायद्यानुसार नकली बंदुकांच्या नळीच्या टोकाला ठळक नारिंगी रंग किंवा तत्सम खूण आवश्यक ठरली. विक्रीनंतर ती खूण काढली जाऊ शकते, ही या उपायाची मर्यादा क्लीव्हलँडच्या घटनेने दाखवून दिली. ब्रिटनने दोन्ही मापांचा विचार केला. तेथील २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली शस्त्रांची निर्मिती, आयात व विक्री निषिद्ध केली; मात्र संग्रहालये, नाटक-चित्रपट, ऐतिहासिक प्रसंगांचे पुनर्दर्शन व विमा असलेले एअरसॉफ्ट खेळ यांना सवलत ठेवली. इतरांसाठी लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा असे भडक रंग किंवा पारदर्शक बांधणी हा पर्याय दिला. पुढे २०१७ च्या कायद्याने सलग मारा करणाऱ्या एअरसॉफ्टसाठी १.३ ज्यूल व एकेरी मारा करणाऱ्यांसाठी २.५ ज्यूल अशी ऊर्जामर्यादाही घातली.

८. भारतीय कायद्याची चौकट

भारतात या विषयाचा विचार शस्त्र अधिनियम १९५९ च्या आधारे करावा लागतो. या अधिनियमाच्या कलम २ मधील अग्निशस्त्राची व्याख्या व्यापक आहे. स्फोटकाच्या किंवा अन्य प्रकारच्या ऊर्जेच्या क्रियेने कोणत्याही प्रकारचे प्रक्षेपक फेकण्यासाठी तयार केलेले शस्त्र तिच्यात येते. 'अन्य प्रकारची ऊर्जा' या शब्दांमुळे दारू नाही म्हणून बंदूक नाही, हा युक्तिवाद टिकत नाही. त्याच कलमातील 'शस्त्र' या संज्ञेतून खेळण्यांना वगळले आहे. परंतु ते सरसकट नव्हे. खेळणे म्हणून वापरण्याखेरीज अन्य उपयोग होऊ शकत नाही आणि वापरण्याजोग्या शस्त्रात रूपांतरही होऊ शकत नाही, अशाच वस्तू वगळल्या आहेत. या वगळणुकीत वस्तूच्या सद्यःस्थितीबरोबरच तिच्या रूपांतरक्षमतेचाही विचार आहे, हे फेरबदल करणाऱ्याने ध्यानात घ्यावे.

दुकानदार बहुधा 'याला परवाना लागत नाही' असे सांगतो. त्या वाक्याचा आधार शस्त्र नियम २०१६ मधील एअरगनविषयक सवलत हा असतो. मात्र ती सवलत २० ज्यूलपर्यंतची ऊर्जा आणि ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटरपर्यंतचा नळीव्यास या दोन्ही अटींवर अवलंबून आहे. एअरसॉफ्ट पहिल्या अटीत सहज बसते. तिची नळी मात्र सहा मिलिमीटरची असते. शिशाच्या छऱ्यासाठी आखलेली ही चौकट प्लॅस्टिकच्या गोळीला आपोआप लागू होते, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. त्याचप्रमाणे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह बंधनकारक झाले आहे. ज्या वस्तूच्या खोक्यावर ती प्रौढांसाठी असल्याचे लिहिलेले असते, तिला खेळण्याच्या वर्गाचा आधार घेता येत नाही.

फेरबदलांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे कलम सहावे आहे. नकली अग्निशस्त्राचे अग्निशस्त्रात रूपांतर परवान्याशिवाय करण्यास त्याने मनाई केली आहे. त्यातील नकली अग्निशस्त्राची व्याख्या साम्यावर आधारलेली आहे : अग्निशस्त्रासारखी दिसणारी कोणतीही वस्तू, मग तिच्यातून गोळी सुटो वा न सुटो. या कलमाच्या भंगाची शिक्षा कलम २५ मध्ये असून, २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती किमान सात वर्षे व कमाल आजन्म कारावास इतकी कठोर झाली आहे. कलम २८ अन्वये अटकेला प्रतिकार करण्याच्या हेतूने नकली शस्त्राचा उपयोग करणे हाही स्वतंत्र गुन्हा आहे. स्प्रिंग बदलणे आणि रूपांतर करणे यांतील सीमारेषा प्रत्येक प्रकरणात न्यायालयच ठरवील. परंतु त्या रेषेच्या जवळ जाण्याचे कोणतेही कारण संग्राहकाजवळ नसते. उत्तम कारागिरीला सामर्थ्यवाढीची गरज नाही, हे वर पाहिलेच आहे.

९. ठाणे परिसर आणि महाविद्यालये

स्थानिक परिस्थितीचा विचार करता आणखी दोन तरतुदी लक्षात घ्याव्या लागतात. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त ठरावीक काळासाठी मनाई आदेश काढू शकतात. त्यांत शस्त्रे, तलवारी, बंदुका, लाठ्या यांबरोबरच शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगण्यास बंदी घालता येते. ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत ठाण्याबरोबर भिवंडी, कल्याण, डोंबिवली व उल्हासनगरही येते, आणि सण-उत्सव, निवडणुका यांच्या काळात असे आदेश नेहमीचे असतात. दुसरी तरतूद येऊरच्या जंगलाविषयी आहे. खेळण्यासाठी मोकळी जागा म्हणून तरुणांचे लक्ष प्रथम येऊरकडे जाते. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश करता येत नाही. त्या अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते.

दाट वस्तीच्या या शहरांत उरते ती घराची खोली आणि इमारतीची गच्ची. गच्चीवरून शेजारच्या इमारतीची खिडकी, खालचे अंगण व रस्ता हे सारे टप्प्यात असते. म्हणून येथे या छंदाचे स्वाभाविक रूप खेळापेक्षा संग्रहाचे व कारागिरीचेच राहते. ते रूप तुलनेने सुरक्षितही आहे. अट एवढीच की संग्रह घरातील बंद कपाटात राहावा आणि लहान मुलांच्या हाती लागू नये.

महाविद्यालयांचा या विषयाशी तीन ठिकाणी संबंध येतो : स्नेहसंमेलनातील नाटके, विद्यार्थ्यांचे लघुपट आणि प्रकल्पकार्य. नाटकासाठी लाकडी किंवा फोमची रायफल पुरेशी असते, कारण अंतर तिचे उणेपण झाकते. लघुपटाचे चित्रीकरण रस्त्यावर, स्थानकाजवळ किंवा पुलावर करायचे असेल, तर स्थानिक पोलीस ठाण्याची पूर्वपरवानगी घेणे अनिवार्य मानले पाहिजे. प्रतिकृतीची ने-आण अपारदर्शक व बंद पेटीत, मॅगझिन व बॅटरी वेगळी करून आणि खरेदीची पावती जवळ ठेवून व्हावी. नळीच्या टोकाला भडक रंग दिल्यास संग्राहकाच्या दृष्टीने सौंदर्य थोडे उणावते. पण तोच रंग अनर्थ टाळू शकतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने गिअरपेटीचा अभ्यास करू इच्छिल्यास बाह्य कवचाशिवाय केवळ यंत्रणाच प्रयोगशाळेत मांडणे हा सर्वांत निर्वेध मार्ग होय. त्यात शिकण्याजोगे सर्व काही राहते आणि भीती उत्पन्न करणारे काहीच राहत नाही. प्राध्यापकाने या कुतूहलाला दटावून घरात लपविण्यापेक्षा त्याला अशी दिशा देणे अधिक हितावह ठरेल.

१०. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. एअरसॉफ्ट प्रतिकृतींचा संग्रह हा यंत्रज्ञान, इतिहास व हस्तकौशल्य यांना एकत्र आणणारा छंद असून त्यातील फेरबदलांचे खरे मूल्य सामर्थ्य वाढविण्यात नसून अचूकतेत आहे. प्रतिकृतीचे सामर्थ्य खऱ्या रायफलच्या तुलनेत नगण्य असते. परंतु सार्वजनिक जागेत तिचा परिणाम सामर्थ्याने ठरत नाही, साम्याने ठरतो. भारतीय कायद्यातील अग्निशस्त्राची व्याख्या, खेळण्यांची सशर्त वगळणूक आणि कलम ६ व २८ यांचा एकत्रित विचार केल्यास 'परवाना लागत नाही' या दुकानी वाक्यावर विसंबणे योग्य नाही.

बाह्य फेरबदल जितका कुशल, तितकी प्रतिकृती मूळ शस्त्राच्या जवळ जाते आणि तितकीच ती घराबाहेर नेण्यास अयोग्य ठरते. कारागिराचे यश व नागरिकाची जबाबदारी येथे एकाच वेळी वाढतात. जपान, अमेरिका व ब्रिटन यांनी काही कटू अनुभवांनंतर या बाबतीत नियम केले. ठाणे-कल्याण पट्ट्यातील छंदिष्टांना आणि त्यांना शिकविणाऱ्यांना तसा अनुभव येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. खंडेनवमीला पुजलेले शस्त्र ज्या मर्यादेने पुन्हा जागेवर ठेवले जाते, ती मर्यादा या नव्या छंदालाही लागू आहे.